सीएसआरमध्ये करिअर करायचंय? आधी लाइट बिल वाचायला शिका

एमबीए झालं की सीएसआरमध्येच, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामातच जायचं, असं म्हणणारी मुलंमुली आता दर बॅचला भेटतात. बहुतेक परभणी, बीड, हिंगोली, लातूरकडची. दुष्काळ घरातूनच पाहिलेला, २०१६ ला मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे चांगली आठवते. गावासाठी काही करायची तळमळ खोटी नसते. पण मुलाखतीत तळमळीला कुणी विचारत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, त्यात चालणाऱ्या कामांची यादी देणारी अनुसूची सात, हे तुमचं पाठ असणारच. ते उगाळत बसत नाही. मला ज्यानं बराच काळ घोळात ठेवलं, त्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते. कंटाळा आला तरी वाचा.

कॉलेजात सीएसआर आणि सस्टेनेबिलिटी एकाच पेपरात उरकतात. कारखान्यात ती दोन वेगळी टेबलं असतात. सीएसआरच्या टेबलावर झालेल्या नफ्यातले पैसे कुठं खर्चायचे ते ठरतं: शाळा, जलसंधारण, आरोग्य शिबिर. दुसऱ्या, सस्टेनेबिलिटीच्या टेबलावर तो नफा कमावताना वीज किती जाळली, सांडपाणी कुठं सोडलं, कंत्राटी माणसाला ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळाला का, याचा हिशेब चालतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्यातल्या कारखान्याला जर्मनीतला ग्राहक जे विचारतो, ते जवळपास सगळं या दुसऱ्या टेबलावरचं.

आपल्या कायद्यानंच मध्ये भिंत घातलीय. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी बांधलेला दवाखानाही नाही (हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो). कारखान्याचा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) तर नाहीच नाही, तो चालवणं तसंही बंधनकारकच असतं. उलट बाजूनंही तेच. गंगापूर तालुक्यात हजारो झाडं लावा, ग्राहकाच्या प्रश्नावलीतला तुमच्या विजेच्या नि डिझेलच्या कार्बनचा आकडा एका किलोनंही खाली येत नाही. तरी तिथं वृक्षारोपणाचे फोटो जोडणारे महाभाग आहेत. समोरून एका ओळीचं उत्तर येतं, ‘मागितलेली माहिती द्यावी’, आणि गुण गेले.

पुरवठादाराकडं मानवी हक्क पाळले जातात का हे तिथल्या कंपन्यांना बघायला लावणारा जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३ ला लागू झाला. आधी तीन हजारांवर कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, २०२४ पासून हजारांवरच्यांना. कायदा त्यांच्यावर, घाम मात्र आमच्या एचआरला. २०२५ पासून युरोपात हे नियम सैल करायचं चाललंय, म्हणून काहीजण ‘आता काही नको’ म्हणतात. त्यांचं ऐकू नका. ज्या ग्राहकानं एकदा विचारायला सुरुवात केली, तो सहजासहजी थांबत नाही.

ग्राहकाचा ऑडिटर आला की काय बघतो? सीएसआरचं चकचकीत पुस्तक बाजूला सरकवतो आणि ठेकेदाराचं मस्टर (हजेरीपट) मागतो. त्याच महिन्याचं पीएफ चलन मागतो, मग गेटवरचं रजिस्टर. मस्टरला माणूस संध्याकाळी सहाला सुटलेला आणि गेटवर रात्री दहाला बाहेर पडलेला दिसला, की विषय संपला. नंतर शॉपफ्लोअरवर एखाद्या कामगाराला बाजूला घेतो, सुपरवायझरला लांब उभं करून. असा एक दिवस जवळून बघायला मिळाला तर सोडू नका, हात जोडून का होईना पण आत शिरा.

कार्बनच्या आकड्याला लोक विनाकारण भितात. गणित दहावीचं आहे. महावितरणचं बिल घ्या, युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडनं गुणा. लाख युनिटला साधारण सत्तर टन. डिझेल लिटरला सुमारे २.७ किलो. एवढंच जपा की जनरेटरचं डिझेल स्कोप एकमध्ये (स्वतः जाळलेलं इंधन) घेतलं, तर त्याच जनरेटरचे युनिट स्कोप दोनमध्ये (विकत घेतलेली वीज) परत घ्यायचे नाहीत. हा आकडा स्वतः काढून दाखवणारा फ्रेशर प्लँट हेडच्या लक्षात राहतो.

दोन दिवसांत ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार) तज्ज्ञ करणारे ऑनलाइन कोर्स मला साफ नापसंत आहेत. लिंक्डइनवरच्या गुरूंपेक्षा प्लँटमधला वीस वर्षं मुरलेला सेफ्टी ऑफिसर धरा. तो वैतागेल, टाकून बोलेल, पण ईटीपीचं लॉगबुक कुठं खोटं वाटतं ते तोच दाखवेल. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी नाव बदलून चिकटवणाऱ्या कन्सल्टंटकडं मात्र उमेदवारी करू नका, सवय लागते.

आणि गावाकडचं म्हणाल, तर ते वाया जात नाही. बीडकडचा माणूस उचल म्हणजे काय हे पुस्तकातून शिकत नाही. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे कामातून फेडायची आगाऊ रक्कम, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीसाठी दोघं मिळून एकच धरलेले, मागं राहिलेली पोरांची शाळा. २०१९ ला ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवरून सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. साखर घेणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीसाठी हा पुरवठा साखळीतला मानवी हक्कांचा प्रश्न आहे. तोडकऱ्यांच्या पोरांना दप्तरं वाटून तो मिटत नाही, कारण कर्ज तसंच राहतं. हे मुलाखतीत नीट मांडता आलं तर पुण्या-मुंबईची पोरं मागं पडतात. रडवेलं मात्र सांगू नका. कोण कुणाला पैसे देतो आणि कागद कुठं तुटतो, तेवढं सांगा.

इंग्रजीची धास्ती मलाही होती. ईमेल चार ओळींचे असतात, जमतं.

पहिल्या नोकरीत पदाच्या नावात सस्टेनेबिलिटी नसलं तरी चालेल. ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा), क्वालिटी, परचेस, कुठूनही आत या. सध्या जागा दिसतेय ती युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्या लहान कारखान्यांत. तिथल्या सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून खरा सुरू झालाय. भरायचा तिकडच्या मोठ्या आयातदारानं, पण मालाच्या टनामागं किती कार्बन ते इथूनच कळवावं लागतं, आणि ते काढणारा माणूस अशा बऱ्याच ठिकाणी नसतो. बायोडेटा एचआरला पाठवून वाट बघू नका, एक्सपोर्टचे कागद बघणाऱ्याला गाठा.