मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाची नोंद शोधायला निघण्याआधी

सगळ्यात आधी नंबर. नाव, गाव नंतर. पोर्ट लुईच्या बंदरात उतरलेल्या प्रत्येक गिरमिटियाला, म्हणजे करारावर नेलेल्या मजुराला, एक क्रमांक मिळायचा आणि पुढच्या सरकारी कागदांवर माणूस त्या क्रमांकानेच ओळखला जायचा. तिकडचे नातेवाईक ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी खापरपणजोबांच्या धाकट्या भावाचा कागद टेबलावर ठेवला होता. फोटोतल्या माणसाचे कान थेट माझ्या काकांचे, बाहेर आलेले. मी त्या कानांकडेच बघत राहिले. नाव लिहून घेतलं, जहाज लिहून घेतलं, कोपऱ्यातला नंबर राहिला. पाहुणे गेले. पुढच्या वर्षी तिकडचं घर पाडलं आणि त्यात तो कागदही गेला.

मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या नोंदींची रजिस्टरं आहेत. तिथे विचारणा करताना माझ्याकडे होतं फक्त 'रामा, जिल्हा रत्नागिरी'. मॉरिशसला साडेचार लाखांवर माणसं गेली. त्यात रामा किती असतील? म्हणून सांगते, कागद दिसला की आधी नंबर उतरवा, मग फोटो बघा. मोबाइलवर फोटो काढलात तरी नंबर हाताने वहीत लिहा.

आडनाव शोधत बसू नका. रजिस्टरात माणसाचं नाव आणि बापाचं नाव, आणि ते कारकुनाच्या कानाला लागलं तसं. विठू शोधताना 'बिट्टू'ही बघा. तिकडे मूळ पुरुषाचं नावच पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसतं, त्यामुळे इथलं आडनाव तिथे सापडलं नाही म्हणून खचू नका. गावांचं तसंच. आपलं ठाणं जुन्या इंग्रजी कागदांत 'टॅना' आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, तो त्या कागदांत कुठून येणार? मालवणचा माणूस रत्नागिरीखाली बघा. सावंतवाडी तर वेगळं संस्थान होतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ता विचारा, दिवाळीची वाट बघू नका. गाव, वाडी, जात, बापाचं नाव, अंगावरची खूण. हो, खूणसुद्धा. रजिस्टरात उंची आणि व्रण लिहिलेले असतात, दोन रामांमधला आपला तिथेच ओळखू येतो. सालही विचारा, पण पडताळून घ्या. भरती १८३४ साली सुरू झाली आणि १८३९ ते १८४२ बंद होती. सांगितलेलं साल त्या मधल्या वर्षांतलं असेल तर आठवणीत काहीतरी चुकतंय.

मुंबईचं पुराभिलेखागार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे कागद माणसाच्या नावाने लावलेले नाहीत. खातं, साल, खंड असा हिशोब. जहाज आणि अंदाजे साल हातात असल्याशिवाय लोकलचा धक्का खाऊ नका. जे पान बघाल त्याचा खंड आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा. पुन्हा तेच, नंबर.

बाकी ओळखपत्र, पेन्सिल, डबा. सकाळची गाडी पकडा. आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा नंबर आहे ना, तेवढं दाराबाहेर पडण्याआधी बघा.