गावात नवी वस्ती वसवताना: घराआधी जागेचं बघा

घरकुलांची मंजुरी यादी आली की ग्रामपंचायतीत पहिला प्रश्न येतो, ‘आपल्या गावाला किती मिळाली?’ खरं तर विचारायला हवं की यादीतल्या किती जणांच्या पायाखाली स्वतःची जागा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगरी भागात 1 लाख 30 हजार रुपये मिळतात. वर रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी, शौचालयाचे 12 हजार आणि 2025 पासून राज्याने वाढवून दिलेली रक्कम. पण हे सगळं जागा असलेल्याला. जागा नसलेल्या बाईचं नाव यादीत वर्षानुवर्षं राहतं आणि एक दिवस ‘जागेअभावी’ असा शेरा पडून मागे पडतं. धाराशिव जिल्ह्यात ग्रामसेविका म्हणून नोकरी करताना हा शेरा मला कायम सलत राहिला. घराचे पैसे योजना देते; जागा, पाणी, वाट आणि गटार मात्र ग्रामपंचायतीनेच आधी ठरवावं लागतं. ते कसं ठरवायचं, ते नव्या सरपंचांसाठी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी लिहिते आहे.

आधी माणसं मोजा

आवास प्लसची, म्हणजे घरकुलासाठी सर्वेक्षणात नोंदलेल्या कुटुंबांची यादी हाताशी ठेवा, पण तिच्यावर थांबू नका. एका घरात दोन-तीन चुली झाल्या आहेत का, सालगडी कुणाच्या शेतात झोपडी घालून राहतो, पालं कुठे पडली आहेत, माहेरी परत आलेली लेक कुठल्या पडवीत झोपते, हे घरोघर फिरल्याशिवाय कळत नाही. पाऊस पडत असताना फिरा. उन्हाळ्यात प्रत्येक छप्पर धडच दिसतं.

आमच्या भागात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन गाव सोडतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. बेघर कुटुंबांत त्यांची संख्या मोठी असते आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ती गावात नसतात. म्हणून नव्या वस्तीचा विषय 1 मे किंवा 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या. 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यांतली लहान संख्या हजर असली की गणपूर्ती होते. पण गणपूर्ती झाली म्हणजे ज्यांच्यासाठी वस्ती होणार ती माणसं आली असं नसतं.

यादी झाली की प्रत्येक नावासमोर योजना लिहा: रमाई, शबरी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, मोदी आवास की प्रधानमंत्री आवास. आज 32 कुटुंबं निघाली तर प्लॉट 40 धरा. या घरांतल्या पोरांची लग्नं पुढच्या दहा वर्षांत होणारच आहेत.

जागा कुठे शोधायची

तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना 1-ब मागा. त्यात गावातल्या सरकारी पड जमिनी असतात. शेजारीच 1-ई बघा, म्हणजे त्यांपैकी कशावर अतिक्रमणाची नोंद आहे ते कळेल. सरकारी जागेवर आधीच राहणाऱ्यांना उठवून दुसरीकडे नेण्याचा विचार सगळ्यात शेवटी करा. त्यांची घरं जागच्या जागी नियमानुकूल करता येतात का, ते आधी तपासा. 2018 मध्ये शासनाने त्यासाठी स्वतंत्र निर्णय काढला आहे.

गावठाणातही जागा निघते. पडके वाडे, कुणीच वापरत नसलेले उकिरडे, जुन्या चावडीमागची मोकळी जागा. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मिळकतपत्रिका तयार झाल्या आहेत (याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला). त्या नकाशावर ग्रामपंचायतीच्या ताब्यातली जागा स्पष्ट दिसते. आठ-दहा घरं गावठाणातच बसली तर नवी पाइपलाइन, नवे खांब, नवा रस्ता यांतलं काहीच लागत नाही.

गायरानाकडे मात्र वळू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंग निकालानंतर गावाच्या सामाईक जमिनी घरांसाठी वाटणं जवळपास बंद झालं आहे. दोन-तीन वर्षं प्रस्ताव फिरतो, तोवर लाभार्थ्यांची मुदत निघून जाते. शिवाय गुरं चारायची कुठे, हा प्रश्न त्याच गरीब कुटुंबांचा असतो.

सरकारी जमीन नसेल तर गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली खासगी रानं बघा. जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड प्रमाणे तिथे राहण्यासाठी वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही, ठरलेला कर आणि लागू असल्यास नजराणा भरावा लागतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) लिहिलेलं असेल तर व्यवहाराआधी तहसीलला विचारा. भूमिहीन लाभार्थ्याला जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून मदत मिळते. ती 500 चौरस फुटांसाठी 50 हजारांपर्यंत होती, नंतर 1 लाखापर्यंत वाढवली गेली. तुकडेबंदीच्या, म्हणजे शेतीचे लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्याच्या भीतीने शेतकरी मागे सरतात. घरकुलासाठी 1000 चौरस फुटांपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने व्यवहार होतो, हे त्यांना कागद दाखवून समजावा. एकेकट्याने जागा घेण्यापेक्षा दहा जणांनी एकाच गटात शेजारी-शेजारी घेतली तर वाट आणि नळ एकदाच न्यावा लागतो.

रानात उभं राहून बघा

कागदावर चांगली दिसणारी जागा चार ठिकाणी सहा-सहा फूट खणून बघितल्याशिवाय पक्की करू नका. आमच्या जुन्या लोकांनी गाव पांढरीत वसवलं आणि काळी पिकासाठी ठेवली, त्यामागे अनुभव होता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तिरक्या चिरा पडतात. तिच्यात शोषखड्डाही चालत नाही, पाणी मुरतच नाही. दोन-तीन फुटांवर मुरूम लागला तर जागा चांगली. पाच फुटांखालीही काळीच निघाली तर पायाच्या खर्चातच अर्धं अनुदान जाईल, दुसरीकडे बघा.

ओढ्याकाठची सपाट जागा स्वस्तात मिळते, कारण मालकाला तिथलं पाणी माहीत असतं. जिथे पूररेषा आखली आहे तिथे निळी (आतली) आणि लाल (मोठ्या महापुराची, बाहेरची) रेषा पाटबंधारे विभागाकडून नकाशावर घ्या. निळ्या रेषेच्या आत एकही प्लॉट नको. जिथे आखली नाही तिथे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा आणि पाणी कुठवर आलं होतं ते खुणा करून घ्या. 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूमच्या पट्ट्यात महापुराने जे झालं, त्यानंतर याबाबत कुणी आळस करू नये. डोंगरी तालुक्यांत हाच नियम उताराला लावा. माळीण (2014), तळिये (2021) आणि इर्शाळवाडी (2023) या दरडीखाली गेलेल्या तिन्ही वस्त्या डोंगराच्या कुशीत होत्या.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज 55 लिटर. 40 घरं, घरी पाच माणसं, म्हणजे रोज 11 हजार लिटर, गुरांचं वेगळं. सध्याच्या टाकीतून एवढं निघतं का? नसेल तर आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागा तपासून घ्या, मग घरांचा विषय पुढे न्या. पाण्याआधी घरं झाली तर डोक्यावर हंडा बायकांच्याच येतो.

प्लॉट केवढा, वस्ती कशी

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या भागात वस्ती वसवण्याचे बरे-वाईट सगळे प्रकार झाले आणि ते आजही जाऊन बघता येतात.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावं नव्या जागी हलवली गेली. घराचं माप जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यावर 750. भिंती भक्कम, जोता, लिंटेल आणि छताच्या पातळीवर काँक्रीटचे पट्टे असलेल्या. ते काम मोलाचंच होतं आणि आजही नव्या घराला हे तीन पट्टे घाला असं मी सांगेन. पण रस्ते शहरासारखे सरळ, रुंद, चौकटीचे आखले गेले आणि गाव जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरलं. तेवढे रस्ते दुरुस्त करायचे, तेवढ्या लांब नळ न्यायचा, तेवढे दिवे जळते ठेवायचे, हे लहान ग्रामपंचायतीला पेलणं अवघड. ज्या गावांत मापाप्रमाणे रांगा लावल्या गेल्या तिथे मोठे शेतकरी एका अंगाला आणि मजूर दुसऱ्या अंगाला गेले. घरात बैल बांधायला, कडब्याची गंजी लावायला, चूल पेटवायला जागा नव्हती, म्हणून लोकांनी हळूहळू घरापुढे पत्र्याच्या सपऱ्या काढल्या. त्या सपऱ्या नीट बघा. घराच्या नकाशात काय राहून गेलं होतं ते त्या सांगतात.

म्हणून माझं ठाम मत: प्लॉट एक गुंठ्याच्या खाली नको. प्रधानमंत्री आवासचं घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. 500 फुटांच्या तुकड्यात ते बसतं, पण मग शेळी, न्हाणी, सरपण आणि उद्याची वाढीव खोली यांना जागा राहत नाही. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 40 प्लॉटना 40 गुंठे, रस्त्यांना साधारण चौथा हिस्सा आणि मोकळ्या जागेला दहावा हिस्सा धरला की दीड एकरापेक्षा थोडं जास्त लागतं.

रस्त्याची किमान रुंदी नगररचना कार्यालय सांगेल. तुम्ही एवढं पाहा की उसाची ट्रॉली आणि रुग्णवाहिका आत येऊन वळून बाहेर पडेल. सगळी घरं एका रांगेत न लावता सात-आठ घरांच्या मधे एक अंगण सोडा. बायका तिथे वाळवणं घालतात, पोरं नजरेसमोर खेळतात, रात्री कुणी हाक मारली तर ऐकू जाते. सांडपाण्याचा उतार आधी काढा आणि रस्ता त्याला धरून आखा. शौचालयाचा खड्डा बोअरपासून किमान दहा मीटर लांब. चार झाडं आधीची असतील तर प्लॉट त्यांच्याभोवती फिरवा.

ठराव आणि प्रस्ताव

ग्रामसभेआधी महिला सभा घ्या. ती कायद्यानेच घ्यायची असते, पण इथे ती खरोखर उपयोगी पडते. नळ कुठे हवा, दारं कुठल्या तोंडाला हवीत, रात्री कुठल्या वाटेने जायला भीती वाटते, हे तिथेच बोललं जातं.

ठरावात ‘घरकुलांसाठी जागा मिळावी’ एवढंच लिहू नका. गट नंबर, क्षेत्र, सातबाऱ्यावरचा प्रकार, कुटुंबांची संख्या, पाण्याची सोय, सूचक, अनुमोदक, सगळं आलं पाहिजे. सोबत सातबारा, गटाचा नकाशा, भूमी अभिलेखची मोजणी आणि लाभार्थ्यांची यादी. प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत तहसील, प्रांत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मोजणीची फी लवकर भरा, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. प्रत्येक टेबलावरची आवक नोंद आणि तारीख वहीत लिहून ठेवा. सरपंच बदलला तरी वही राहते.

वाटप आणि बांधकाम

वाटप चिठ्ठ्या टाकून, भर ग्रामसभेत. अपंग आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांचे प्लॉट रस्त्याजवळ आधी राखून ठेवा. दोघी-तिघींना शेजारी राहायचं असेल तर त्यांची मिळून एक चिठ्ठी करा. जातवार किंवा योजनावार गल्ल्या पाडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे आणि जागेवरच्या फोटोवर मिळतात, म्हणून सगळ्यांचे जोते एकदम सुरू झाले तर खडी आणि सिमेंट एकत्र स्वस्तात आणता येतं. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत मिळण्याची तरतूद आहे, तिचा अर्ज पाया खणण्याआधी तहसीलला द्या. विजेचे खांब आणि मुख्य पाइप घरांआधी टाकून घ्या, नंतर कुणाची तरी पायरी फोडावी लागते. आणि घर पूर्ण झालं की नमुना 8 ला (ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत) नोंद घेताना नवरा-बायको दोघांची नावं लावा. नाव नंतर लावू म्हणून राहिलेली बाई वारसाच्या वेळी कचेरीच्या पायऱ्या झिजवते, म्हणून घराचा शेवटचा हप्ता निघण्याआधीच तो उतारा तिच्या हातात द्या.