स्वस्त कॅमेऱ्याचं डिझाइन जोखताना

प्रॉडक्ट डिझाइन शिकणाऱ्या मुलांसमोर मी सुरुवातीला एंट्री-लेव्हल कॅमेरेच ठेवतो. किंमत खाली आणायची तर कंपनीला कशावर तरी काट मारावीच लागते. ती कुठे मारली आणि त्याची झळ कोणाला बसते, हे शोधता आलं की तुलना जमली.

निकॉन डी३५००, कॅनन १५००डी आणि ३०००डी, तिन्ही २०१८चे. सेकंडहँड मिळाले तर शेजारी ठेवून बघा. वजनाच्या आकड्यांना मात्र फसू नका. डी३५००चे ३६५ ग्रॅम बॅटरीशिवायचे आहेत, १५००डीचे ४७५ बॅटरी-कार्डासकट. निकॉन बॅटरी-कार्डासकट ४१५ भरतो. फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही.

मग डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे फ्रेम बघायच्या खिडकीला, लावा आणि न हटवता सेटिंग बदला. खरी परीक्षा ही. डायल तिघांनाही एकच, त्यामुळे मॅन्युअल मोडमध्ये, जिथे सगळं आपणच ठरवतो, लेन्सच्या छिद्राचा आकार म्हणजे अ‍ॅपर्चर बदलायला एक बटण दाबून डायल फिरवावी लागते. निकॉनमध्ये बटण तर्जनीखाली, डायल अंगठ्याखाली. कॅननमध्ये नेमकं उलट. दोन्ही एका हाताने जमतं, दोन्ही विचारपूर्वक केलेलं आहे. आयएसओसाठी, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता बदलायला, मात्र निकॉनमध्ये मेनूत शिरावं लागतं, १५००डीत थेट बटण आहे. इथे मी कॅननला झुकतं माप देतो.

३०००डीचं माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ती कडी, प्लास्टिकचं आहे, म्हणून लोक नाकं मुरडतात. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या हलक्या किट लेन्ससाठी मला ते खटकत नाही. खटकतं ते व्ह्यूफाइंडरचं डायॉप्टर, म्हणजे डोळ्याच्या नंबरानुसार चित्र स्पष्ट करायची सोय, काढून टाकणं. चष्मा काढून फोटो घेणाऱ्याला चित्र धूसरच दिसणार. आणि दोन्ही कॅननच्या हॉट शूवर, म्हणजे वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधली पिनच नाही. लग्नाची कामं शिकणारी मुलं दूरचा फ्लॅश उडवणारा स्वस्त ट्रिगर वापरतात, तो त्या पिनवरच चालतो. इथे फ्लॅश उडणारच नाही. ही काट मला अजिबात पटत नाही, कारण पैसे जपून वापरणाऱ्यावरच ती पडते. निकॉनने पिन ठेवली आहे.

मिररलेसमध्येही, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांतही, हेच तपासा. कॅननच्या २०२३च्या आर१००ला टचस्क्रीन नाही, त्याच वर्षीच्या आर५०ला आहे. मोबाइलवर बोट टेकवून फोकस करायची सवय असलेल्या माणसाच्या हातात आर१०० द्या आणि त्याचं बोट आधी कुठे जातं ते बघा.