तिवराच्या मुळांवरचं कॅलोग्लोसा: ओळखायचं कसं, नोंदवायचं कसं

लाल शैवाल म्हटलं की सगळे खडकांकडे धावतात. मी मात्र विद्यार्थ्यांना आधी खाडीतल्या तिवरांत नेते. तिवराच्या श्वसनमुळांवर, म्हणजे चिखलातून वर आलेल्या, हवा घेणाऱ्या मुळांवर, कॅलोग्लोसा लेप्रिएउरी हे लाल शैवाल वाढतं. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं, जांभळट-तपकिरी. चिखल माखलेला असला की नजरेतून हमखास सुटतं.

जायची वेळ तिथीवरून काढा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: अष्टमीला साधारण सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. श्वसनमुळं भरतीच्या वरच्या पट्ट्यात असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी अष्टमीची ओहोटी पुरते आणि भरदुपारचा उजेडही मिळतो. चपला नकोत, चिखल ओढून घेतो. नाडीचे कॅनव्हासचे बूट घाला.

चिमट्याने छोटा झुबका काढा, खाडीच्याच पाण्यात धुवा आणि दहापट भिंगाखाली धरा. एक-दोन मिलिमीटर रुंदीची चपटी पट्टी, मधोमध एकच शीर, बाजूला उपशिरा नाहीत. फांद्या दोन-दोन फुटतात, आणि फुटतात तिथे पट्टी आवळलेली असते. तीच खरी खूण. त्या आवळलेल्या जागी खालच्या बाजूने मूलाभ, म्हणजे मुळासारखे बारीक तंतू, निघून शैवाल सालीला धरून बसतं. शीर सोडली तर पातं एका पेशीच्या थराचं, म्हणून उजेडाकडे धरलं की आरपार दिसतं. फार देखणं असतं ते. शेजारीच बॉस्ट्रिकिया हे दुसरं लाल शैवाल असेल, पण ते दोऱ्यासारखं गोल आणि टोकं आत वळलेली. कॅटेनेला हे तिसरं, फुगीर कांड्यांचं.

आता विस्तार, म्हणजे हे शैवाल कुठवर पसरलंय ते. खाडीकाठापासून जमिनीकडे दोरी ताणा, दर पाच मीटरवर दहा मुळं तपासा. चिखलापासूनची उंची, सावलीची बाजू की उन्हाची, झाड कोणतं आणि पाण्याची क्षारता (खारेपणा) लिहा. मुळावर काही नसेल तर 'नाही' असंही लिहा. हे मी हट्टाने करून घेते, कारण रिकाम्या मुळांशिवाय विस्ताराचा नकाशा होत नाही. हेच काम पावसाळ्यानंतर पुन्हा करा. हे शैवाल क्षारतेतले मोठे चढउतार सोसतं, ते किती, हे तुमच्याच आकड्यांतून दिसेल.

मूळ कापू नका. राखीव कांदळवनात वनविभागाची परवानगी आधी घ्या.

नमुना ट्रेमधल्या पाण्यात कागदावर पसरवा, वर मलमल, मग टीपकागद आणि वजन. डीएनएसाठी थोडा भाग सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत, ठेवा. ही जात पहिल्यांदा फ्रेंच गयानातल्या कायेनहून वर्णिली गेली. पुढे उष्ण कटिबंधातल्या सगळ्या समुद्रांतून हेच नाव लावलं गेलं, आणि डीएनए तपासल्यावर त्यात दिसायला सारख्या अनेक जाती निघाल्या. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर 'लेप्रिएउरी गट' एवढंच लिहा.