अमेरिकेतील विद्यापीठांच्या अर्जात मेजर कसा निवडावा

अमेरिकेतील विद्यापीठात पदवीसाठी अर्ज भरताना मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या, रकान्यापाशी आल्यावर बहुतेक विद्यार्थी ‘कोणत्या विषयाला प्रवेश सोपा?’ असे विचारतात. त्याआधी शोधायची गोष्ट म्हणजे, ते विद्यापीठ प्रवेश ठरवताना हा रकाना विचारात घेते का आणि नंतर मेजर बदलू देते का. याचे उत्तर विद्यापीठागणिक, किंबहुना एकाच विद्यापीठातील कॉलेजागणिक (म्हणजे विद्याशाखेगणिक) बदलते.

एमआयटीमध्ये प्रवेश संपूर्ण संस्थेसाठी मिळतो आणि मेजर पहिल्या वर्षाच्या अखेरीस ठरवला जातो. तिथे या रकान्यावर डोके खाजवण्यात अर्थ नाही. कार्नेगी मेलनमध्ये मात्र अर्ज विशिष्ट कॉलेजकडे जातो, आणि कॉम्प्युटर सायन्सची स्पर्धा इतर अनेक शाखांपेक्षा कितीतरी तीव्र असते. यूसीएलएत (कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसवर) तर दोन्ही पद्धती नांदतात: कला आणि विज्ञानाच्या विषयांच्या कॉलेज ऑफ लेटर्स अँड सायन्समध्ये प्रवेशाच्या वेळी मेजरचा विचार होत नाही, पण इंजिनिअरिंगमध्ये होतो. बर्कलीमध्ये पूर्वी लेटर्स अँड सायन्समधून आत येऊन, ठरावीक कोर्सेसमध्ये पुरेसे गुण मिळवून कॉम्प्युटर सायन्स घेता येत असे. 2023 च्या प्रवेशापासून त्या मेजरची निवड अर्जाच्या वेळीच होऊ लागली. जुन्या विद्यार्थ्यांचा सल्ला ऐकताना तो कोणत्या वर्षीचा आहे हे म्हणूनच विचारून घ्यावे.

या फरकाचे कारण बहुतेकदा जागांचे असते. इतिहासाच्या वर्गात आणखी काही विद्यार्थी सामावून घेता येतात, पण नर्सिंगच्या विद्यार्थ्याला रुग्णालयातील प्रशिक्षणाची जागा लागते आणि इंजिनिअरिंगला प्रयोगशाळा लागते. संगीताला अर्जाबरोबर ऑडिशन आणि चित्रकलेला पोर्टफोलिओ बहुधा द्यावा लागतो, त्यामुळे तिथली तयारी वर्षभर आधी सुरू करावी.

माहिती काढताना प्रथम विद्यापीठाच्या प्रवेश विभागाच्या पानावर ‘डायरेक्ट टू मेजर’ (थेट मेजरलाच प्रवेश), ‘कॅप्ड’ (मर्यादित जागांचा) किंवा ‘सिलेक्टिव्ह मेजर’ (निवड करून प्रवेश देणारा) असे शब्द आहेत का ते पाहावे, आणि मग संबंधित विभागाचे अंतर्गत बदलीचे नियम मुळातून वाचावेत. अनेक विद्यापीठे ‘कॉमन डेटा सेट’ नावाची वार्षिक माहिती प्रसिद्ध करतात; तिच्यात मेजरनिहाय प्रवेशाचे प्रमाण नसते, परंतु कोणत्या विषयांत किती टक्के पदव्या दिल्या गेल्या हे कळते. संपूर्ण विद्यापीठाचा प्रवेशदर पाहून कॉम्प्युटर सायन्सचा अंदाज बांधणे ही चूक सर्रास होते.

आता त्या प्रसिद्ध युक्तीविषयी: कमी गर्दीचा मेजर लिहून आत शिरायचे आणि मग हवा तो घ्यायचा. जिथे मेजर पाहिलाच जात नाही तिथे ही युक्ती निरर्थक आहे, आणि जिथे पाहिला जातो तिथे बहुधा मागचे दारही बंद असते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सिअ‍ॅटल कॅम्पसवर थेट प्रवेश न मिळालेल्यांना नंतर कॉम्प्युटर सायन्समध्ये मिळू शकणाऱ्या जागा अगदी मोजक्या असतात. शिवाय चार वर्षे रोबोटिक्समध्ये घालवलेल्या विद्यार्थ्याने अचानक लॅटिन साहित्याची ओढ सांगितली, तर निबंध आणि शिफारसपत्रे त्याला साथ देत नाहीत. भाषा आणि प्रोग्रॅमिंग या दोन्हींची आवड खरी असेल, तर इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवरील कॉम्प्युटर सायन्स आणि भाषाविज्ञान यांच्या जोड-पदवीसारखे पर्याय जरूर पाहावेत. मात्र तो आडमार्ग समजू नये, कारण तिथेही स्पर्धा असते.

दुसऱ्या पसंतीचा रकाना असेल तर तो घाईने भरू नये. यूटी ऑस्टिनमध्ये (टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसवर) टेक्सासच्या रहिवाशांना शाळेतील क्रमांकावरून आपोआप प्रवेश मिळू शकतो, पण पहिल्या पसंतीच्या मेजरची हमी त्यांनाही नसते. म्हणून पहिली पसंती हुकली, तर दुसऱ्या मेजरमध्ये चार वर्षे शिकायची तयारी आहे का, हे अर्ज पाठवण्यापूर्वी घरात मोकळेपणाने बोलून ठरवावे. उत्तर नाही असेल, तर तिथे दुसरा मेजर लिहावा किंवा ते विद्यापीठच यादीतून काढावे.