मँडरिन बोलणाऱ्या मुलांची टोन-ओळख कशी तपासावी

मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, ‘थांग’ हे एकच अक्षर उंच, सपाट सुरात उच्चारले तर सूप, चढत्या सुरात साखरेची गोळी, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात आडवे होणे आणि झपकन उतरणाऱ्या सुरात चटका बसेल इतके गरम, असे चार अर्थ होतात. हे चार सूर म्हणजे याच क्रमाने पहिला ते चौथा टोन. चारही अर्थांची चित्रे काढता येत असल्याने चाचणीसाठी हा संच फार सोयीचा आहे. मात्र लहान मुलाला ठाऊक असलेले असे चौकडीचे शब्द मोजकेच सापडतात. बाकी ठिकाणी जोड्यांवर भागवावे. उदाहरणार्थ, ‘यू’ दुसऱ्या टोनमध्ये मासा, तर तिसऱ्यात पाऊस.

टोनकडे थेट वळू नये. मूल आवाजाला प्रतिसाद देते का, स्वर आणि व्यंजने वेगळी ओळखते का, हे आधी पाहावे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मँडरिन अर्ली स्पीच परसेप्शन’ चाचणीतही टोनची पायरी शेवटची आहे. त्यानंतर प्रत्येक चित्राचे नाव मुलाकडून वदवून घ्यावे, कारण शब्दच माहीत नसेल तर चुकलेल्या उत्तरावरून त्याच्या ऐकण्याविषयी काहीच कळत नाही.

शब्द ध्वनिमुद्रितच असावेत. (मराठीत टोन नसल्याने आपल्याकडच्या श्रवणतज्ज्ञाने ते स्वतः म्हणून दाखवण्याच्या फंदात पडू नये.) खरी मेख लांबीत आहे: सुटा उच्चारला असता तिसरा टोन सर्वांत लांब आणि चौथा सर्वांत आखूड असतो, त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांटमधून (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या श्रवणयंत्रातून) सुराची उंची पुसट पोहोचणारे मूल केवळ लांबीवरून अचूक चित्रावर बोट ठेवू शकते आणि परीक्षकाची फसगत होते. म्हणून एक संच नैसर्गिक ठेवावा, तर दुसऱ्यात ‘प्राट’सारख्या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरने सर्व शब्दांची लांबी व तीव्रता सारखी करून घ्यावी. दुसऱ्या संचात गुण एकदम घसरले, तर मूल सुरावर नव्हे, लांबीवर विसंबून होते असे समजावे.

चार चित्रांच्या १६ प्रश्नांत नुसत्या अंदाजाने सरासरी ४ उत्तरे बरोबर येतात. ८ किंवा अधिक आल्याखेरीज टोन ओळखता येतो असे म्हणू नये. बरोबर उत्तराला मान डोलावू नये. एकूण गुणांपेक्षा कोणता टोन कोणता समजला गेला याचा तक्ता अधिक बोलका असतो. दुसऱ्या-तिसऱ्या टोनची गल्लत चांगले ऐकणाऱ्या लहानग्यांतही आढळते, त्यामुळे तेवढ्यावरून काळजी करू नये; पहिला आणि चौथा यांत मात्र सतत गोंधळ दिसला, तर यंत्राची जुळणी पुन्हा तपासावी.

घरची बोली आधीच विचारून घ्यावी. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या बोलीत टोनचे आकार वेगळे आहेत आणि तैवानमध्ये तिसरा टोन बहुधा खालीच राहतो, म्हणून तिथल्या मुलासाठी बीजिंगच्या आवाजातले मुद्रण वापरू नये.