अल्सरची गोळी नेमकी कशी घ्यावी, म्हणजे जखम पूर्ण भरेल

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तरावर पडलेली उघडी जखम. हाताला लागलं तर आपण ती जागा जपतो, पण पोटातली जखम अशी जपता येत नाही. तिच्यावर दिवसरात्र तीव्र आम्ल येत राहतं आणि त्याच्या जोडीला पेप्सिन असतं. हे पाचक द्रव्य प्रथिनं पचवतं, त्यामुळे उघडं पडलेलं अस्तरही त्याच्या तावडीतून सुटत नाही.

आम्ल कमी करणारी गोळी ही जखम स्वतः भरत नाही. ती आम्लाचा मारा थांबवते, आम्ल सौम्य झालं की पेप्सिनही निष्प्रभ होतं आणि मग शरीर नव्या पेशींनी जखम बुजवत नेतं. या कामाला आठवडे लागतात. पुढच्या सगळ्या सूचनांमागे हेच कारण आहे.

आधी एक गोष्ट. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, पोटात अचानक उठलेली असह्य कळ, किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर गोळीची वाट न पाहता तातडीने हॉस्पिटल गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे खरं, पण तो निर्णय डॉक्टरांना करू द्या.

१. कारण शोधून घ्या

बहुतेक अल्सरमागे दोनच कारणं असतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, किंवा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारखी वेदनाशामक औषधं. पूर्वी सगळा दोष मानसिक ताण आणि तिखट खाण्यावर टाकला जाई. आम्ल कमी करून अल्सर बरे व्हायचे आणि औषध थांबलं की पुष्कळांना पुन्हा व्हायचे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी या जिवाणूचा छडा लावला. 1984 मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणूनच श्वासाची, शौचाची किंवा एंडोस्कोपीतून (तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून) घेतलेल्या अस्तराच्या तुकड्याची तपासणी टाळू नका. जिवाणू सापडला तर आम्ल कमी करणाऱ्या गोळीसोबत अँटिबायोटिक्स दिली जातात, बहुधा 14 दिवस. त्यातला एकही डोस चुकवू नका.

वेदनाशामक गोळ्या कारण असतील तर त्या बंद करून दुसरा पर्याय विचारा. मात्र हृदयासाठी सुरू असलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने थांबवू नका.

२. वेळ पाळा

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल ही आम्ल कमी करणारी, एकाच गटातली औषधं. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात आणि ही औषधं ते बंद करतात. पण त्यांचा परिणाम चालू असलेल्या पंपांवरच होतो आणि पंप सुरू होतात ते आपण खायला लागल्यावर. म्हणून गोळी दिवसाच्या पहिल्या खाण्याआधी 30 ते 60 मिनिटं घ्यायची. जेवणानंतर किंवा झोपताना घेतली तर तिचा बराचसा उपयोग वाया जातो. 'गोळी लागू पडत नाही' अशी तक्रार असेल, तर मी आधी हेच विचारेन की ती घेता कधी?

गोळी चावू नका, कुटू नका. तिच्यावरचं आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवतं.

औषध रक्तातून काही तासांतच निघून जातं, पण बंद झालेला पंप पुन्हा चालू होत नाही, शरीराला नवा बनवावा लागतो. म्हणून बहुतेकांना दिवसातून एकदा गोळी पुरते. एका गोळीने सगळे पंप बंद होत नसल्याने पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. 'दुखलं की घेतली' ही पद्धत इथे चालत नाही. तात्पुरत्या आरामासाठी अँटासिड वेगळं असतं. ते इतर औषधांसोबत एकाच वेळी घेऊ नका.

३. दुखणं थांबलं तरी गोळी सुरू ठेवा

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. आम्ल कमी झालं की दुखणं काही दिवसांत थांबू शकतं, पण जखम तेव्हा अर्धवटच भरलेली असते. आतड्यातल्या अल्सरला साधारण 4 आठवडे लागतात आणि जठरातल्याला 8. तोवर धूम्रपान बंद हवं, कारण त्याने जखम भरायला उशीर होतो. दुधाने क्षणभर बरं वाटलं तरी नंतर आम्ल वाढतं, तेव्हा त्याला औषध समजू नका.

क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी, घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ओमेप्राझोलमुळे त्याचा परिणाम घटतो.

४. बरं झाल्याची खात्री करा

जिवाणू गेला का, हे अँटिबायोटिक्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी तपासतात. डॉक्टरांना विचारून त्याआधी 2 आठवडे ही गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही तपासणीत दिसत नाही. जठरातल्या अल्सरसाठी पुन्हा एंडोस्कोपी सांगितली तर कंटाळा करू नका. क्वचित अशा जखमेमागे कॅन्सर असतो.

५. थांबवताना

बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली की आम्ल काही काळ उसळतं आणि जळजळ होते. अल्सर परतला असं समजून लोक पुन्हा गोळी सुरू करतात आणि ती वर्षानुवर्षं चालते. दीर्घकाळ विनाकारण घेतल्यास मॅग्नेशियम आणि बी-12 कमी होऊ शकतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवा, मधल्या जळजळीला अँटासिड पुरतं. ज्यांना ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक चालूच ठेवावं लागणार आहे, त्यांना मात्र ही गोळी संरक्षण म्हणून पुढेही घ्यावी लागू शकते. त्यांनी ती विचारल्याशिवाय बंद करू नये.